हाकेवरची शाळा

उंबरवाडीच्या शाळेत पौर्णिमाबाई आल्या आणि तीन वर्षांत त्यांनी पोरांना एक वाईट खोड लावली. कुणी काही सांगितलं की पोरं विचारायची, "कशावरून?" आई म्हणाली आज पाऊस येणार, कशावरून? मामा म्हणाला दवाखान्यातली सुई टोचली की माणूस खंगतो, कशावरून? वाडीला नुसता वात आला होता. पारूबाई तर एक दिवस डोक्यावरचा हंडा न उतरवताच बाईंना म्हणाली, "बाई, तुमी पोरांना शिकिवता ते ब्येस हाय, पन घरात आमचं काय चालंना झालंय!"

बाई हसल्या. मनातून त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्यांचे वडील रामभाऊ खोपोलीला कारखान्यात फिटर होते. दर रविवारी विहारातून घरी येताना ते लेकीला सांगायचे, मोठा माणूस बोलला म्हणून खरं मानायचं नाही, आधी पारखायचं. बापाची ही एवढीच इस्टेट पोरीला मिळाली, आणि ती तिने अकरा पोरांत वाटून टाकली.

अकराच पोरं. पळसदरीच्या मागच्या डोंगराच्या पोटात बावीस घरांची ही ठाकरांची वाडी. पहिली ते पाचवी, खोली एक, बाई एक. ऑगस्ट संपता संपता वरच्या ऑफिसातून पत्र आलं. पट कमी असल्याने शाळा बंद करून मुलांचं समायोजन पलीकडच्या गावच्या शाळेत करण्यात येत आहे. दोन शाळांमधलं अंतर, नऊशे मीटर.

नऊशे! बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान पोरांची शाळा घरापासून किलोमीटरभराच्या आत हवी, असा नियम आहे. म्हणजे नऊशे लिहिलं की झालं, कुणाला बोलायला जागा नाही. पण वाडी आणि गाव यांच्या मधून खोल ओहोळ जातो, पावसाळ्यात म्हशीलासुद्धा लोळवणारा. तो ओलांडायचा साकव पार खाली. डोंगर उतरा, साकवावरून पलीकडे जा, मग पुन्हा चढा. हे पहिलीतल्या पोरीने रोज करायचं, आणि संध्याकाळी परत यायचं? वर्गातली सगळ्यात तल्लख पोर पाचवीतली जना. सहावीला गावात जायची वेळ आली तेव्हा तिची मोठी बहीण घरी बसली, ती बसलीच. शाळा गेली की पहिल्या पोरीच घरी बसतात. हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र वर्गात मोठ्याने वाचलं. मग जनाचा हात वर गेला.

"बाई, नऊशे कशावरून?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत गं. कसं शोधायचं, सांगा."

"मोजू या!" सगळी पोरं एकदम ओरडली.

पहिल्या दिवशी त्यांनी वीस मीटरचा नायलॉनचा दोर घेऊन मोजलं. भरलं दोन हजार चारशे ऐंशी. पोरं नाचायला लागली, पण जनाने दोर हातात घेऊन ताणून पाहिला. म्हणाली, पुढचा गडी दोर जोरात ओढतो, दोर ताणून लांब होतो, मग आपला आकडा कमी भरतो. मग बाईंनी कर्जतच्या हार्डवेअरच्या दुकानातून लांब टेप आणली. परत मोजलं, दोन हजार सहाशे चाळीस. तिसऱ्यांदा मोजलं, दोन हजार सहाशे पंचवीस. पोरांनी तिन्ही आकडे तक्त्यावर लिहिले, आणि पहिला का चुकला तेही खाली लिहिलं.

ग्रामपंचायतीचा सदस्य विकास तक्ता बघून कपाळाला हात लावून बसला. "अवो बाई, तीन-तीन आकडे कशाला? सरळ साडेतीन किलोमीटर ठोका! हपिसातनं कोन मोजायला येतंय?"

"साडेतीन कशावरून, विकासदादा?" जना म्हणाली.

बाई म्हणाल्या, "दादा, त्यांनी न मोजता नऊशे लिहिलं. आपण न मोजता साडेतीन लिहिलं तर भांडायचं कोणत्या तोंडाने?" विकास पुटपुटला की सरळ बोटाने तूप निघत नाही. पण तक्ता होता तसाच राहिला.

पुढच्या सोमवारी केंद्रप्रमुख नरेश सर आले. दहा-बारा शाळांवर देखरेख त्यांची. माणूस वाईट नव्हता हो, पण वरून आलेला कागद खाली ढकलायचा, एवढ्यावरच त्यांची नोकरी चालली होती. शाळा समितीच्या सह्या घ्यायला ते गाडी साकवापाशी लावून धापा टाकत वर आले. पडवीत वाडी जमली होती. सरांनी तक्ता पाहिला आणि बाईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, हे काय चाललंय? पुस्तकात आहे तेवढं शिकवा की."

"सर, मुलांमध्ये चिकित्सक विचार रुजवा, असं गेल्या प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलंत. दोन तास पडद्यावर दाखवत होतात."

"अहो, ते प्रशिक्षणात!"

बाईंना हसूही आलं आणि चीडही आली. तेवढ्यात जना पुढे झाली आणि हात मागे बांधून तिने विचारलं, "सर, नऊशे कशावरून?"

सरांनी फाइलमधून सर्वेक्षणाचा फॉर्म काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे बघ बाळ. आम्ही घरी बसून नाही लिहीत. तुमच्याच वाडीतल्या माणसाने माहिती दिली आहे. कोंडाजी निरगुडा. हा त्यांचा अंगठा."

सगळ्या माना वळल्या. कोंडाजी म्हणजे जनाचा आजा, खांबाला टेकून बसलेला. "कोंडाजी, तूच बुडवलीस की रं शाला!" मागून कुणीतरी बोललं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "म्या?" एवढंच तो म्हणाला. उन्हाळ्यात याच शाळेचं छप्पर त्याने पैसा न घेता शाकारून दिलं होतं.

बाईंचा जीव अर्धा झाला. पोरांना विचारायला शिकवलं आणि विचारल्यावर निघालं हे. आता जना आज्याची बाजू घेऊन रडेल आणि सगळं इथेच संपेल, असं त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "सर, कागद दाखवा." सरांनी नाइलाजाने दिला. वरून खालपर्यंत ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली, आणि शेरा लिहितात त्या शेवटच्या चिंचोळ्या रकान्यापाशी थांबली.

"हितं लिवलंय, हाकेच्या अंतरावर. मोजल्याचं कायच नाय लिवलं." तिने आज्याकडे पाहिलं. "आजा, तो मानूस तुला काय बोलला? आन् तू काय बोललास? जसं होतं तसंच सांग."

कोंडाजीने घसा खाकरला. "त्यानं इचारलं, बाबा, गावातली शाला लांब हाय का? म्या बोललो, नाय, हाकेवर हाय. हाय ना हाकेवर? हितनं हाक मारली तर तिकडचा मानूस ओ देतो. चालाया किती लागंल, ते त्यानं इचारलंच नाय."

नरेश सर म्हणाले, "अहो बाबा, हाकेवर म्हणजे जवळच ना!"

"तुमच्याकडं आसंल." म्हातारा ताडकन उठला. आता त्याला राग आला होता, आणि बाईंना तो राग इतका आवडला की त्यांनी त्याला थांबवलं नाही. पडवीच्या टोकाला जाऊन त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओहोळावरून आरोळी ठोकली. दोन श्वासांनी पलीकडून, गावच्या शाळेमागच्या शेतातून, कुणा बाईची "ओऽऽ" आली, इतकी स्पष्ट की सर दचकले.

"ही हाक," कोंडाजी म्हणाला. "ती वाऱ्यानं जाती, साहेब. पोरांना पाय हायेत. आता चला."

"कुठे?"

"शालंत. नऊशे मीटर तर हाय."

वाडी हसली. सरांनी घड्याळ पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी छत्री उघडून सरांच्या हातात दिली. अशा वेळी नाही म्हणणं अवघडच असतं. निघाली वरात! पुढे जना, मागे दहा पोरं, मधे सर, शेवटी बाई आणि कोंडाजी. उतारावर सरांचे बूट दोनदा घसरले. साकवाखालून पाणी असं धडधडत होतं की ओरडून बोलावं लागत होतं. सरांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तो निम्मा मोडलेला आहे हे त्यांना तेव्हा कळलं. पलीकडच्या चढावर पहिलीतली सुनिता मटकन खाली बसली आणि म्हणाली, "मी नाय येत."

बाई पुढे झाल्या नाहीत. रोजच्या रस्त्यावर बाई कुठे असणार आहे? शेवटी सरांनीच तिला उचललं. तिचे चिखलाचे पाय त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटले, आणि तिने हक्काने त्यांच्या खांद्यावर मान टाकली. पुढचा सगळा चढ सर तिला घेऊन धापा टाकत चढले. गावच्या शाळेच्या फाटकात त्यांनी घड्याळ पाहिलं. एक तास आणि चार मिनिटं.

सुनिताला खाली ठेवून सरांनी रुमालाने मान पुसली. "मॅडम, मी अहवालात दोन हजार सहाशे लिहीन. पण वर काय होईल, ते माझ्या हातात नाही. आणि हे तुम्हाला जड जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे जड," बाई म्हणाल्या. नोकरी गेली तर काय, हा विचार घरी जाताना त्यांनाही आला, त्याही माणूसच की.

पंधरा दिवसांनी दोन पत्रं एकाच पाकिटातून आली. पहिल्यात होतं, प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत उंबरवाडीची शाळा सुरू ठेवावी. दुसरं बाईंच्या नावे होतं. आपण विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबाहेरील बाबींत गुंतवून कार्यालयाच्या निर्णयास आव्हान दिल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. माफी मागून मोकळ्या व्हा मॅडम. अनवधानाने घडलं म्हणा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? बाईंनी सगळे सल्ले वाचले आणि मोबाइल उपडा ठेवला. पोरं गणितं सोडवत होती. कोरा कागद घेऊन बाई टेबलाशी बसल्या आणि खाडाखोड न करता एका दमात लिहून मोकळ्या झाल्या.

"महोदय, अंतर मोजणे हे चौथीच्या गणिताच्या पुस्तकात आहे, त्यामुळे ही बाब अभ्यासक्रमाबाहेरील नाही. आव्हान विद्यार्थ्यांनी दिलेले नाही, ते मी दिले आहे, आणि अनवधानाने दिलेले नाही. विद्यार्थ्यांनी काढलेले तिन्ही आकडे सोबत जोडले आहेत. त्यात चूक असल्यास कृपया येऊन मोजून दाखवावी. चूक निघाल्यास विद्यार्थी ती फळ्यावर लिहून मान्य करतील, तशी त्यांना सवय आहे. आपल्या कार्यालयानेही ती सवय लावून घ्यावी, ही विनंती."

खाली त्यांनी सही केली, शाळेचा शिक्का मारला, आणि जावक क्रमांक टाकायला जनाला हाक मारली.