खांदमळणीची हळद

मित्रांनो, मी एक जुना शर्यतीचा बैल आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझी शिंगं अजून ताठ आहेत, पाठ अजून चकाकते, आणि कासारसाईच्या आसपास कुठंही माझं नाव काढलं तर टपरीवरचा माणूस हातातला चहा खाली ठेवून तुमच्याकडं वळून बघेल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून माझं नाव पाखऱ्या.

माझा जन्म कासारसाईला भिकूअण्णांच्या गोठ्यात झाला. आई लवकर गेली. मला बाटलीनं दूध पाजून जगवलं ते अण्णांच्या भाच्यानं, इंद्रजितनं. तो भरे गावचा. सुट्टी लागली की मामाकडं यायचा आणि दिवसभर माझ्याच मागं असायचा. गावच्या धरणाच्या पाण्यात पोहायला मला त्यानंच शिकवलं. त्याच्या हाताचा वास आला की मी मान खाली घालायचो, माझ्या नाकात वेसण पडली तीसुद्धा त्यानं मान धरली म्हणून मुकाट पडली. त्याच हातानं पुढं माझा घात केला.

जवानीत मी काय पळालो म्हणून सांगू. घाट म्हणजे आमची शर्यतीची चढण. त्या चढणीवर मी सुटलो की भोंग्यावरचा माणूस ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. दूध, अंडी, खारीक, उडदाचं पीठ, सगळं मला वेळेवर मिळायचं. अण्णांच्या घरात पोरांच्या आधी माझी अंडी फुटायची, यावरून घरात भांडणंही झाली. मधली काही वर्षं शर्यतीच बंद होत्या. तेव्हा मी नुसता दावणीला उभा राहून शेण टाकत होतो आणि लोक म्हणायचे, हा पांढरा हत्ती कशाला पोसता. मग शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. माणसाची जात अशीच, मी मनाला लावून घेत नाही. थोडं घेतो.

मग एके दिवशी शर्यतीच्या बैलांचा एक शौकीन मोठी गाडी घेऊन आमच्या दारात आला. तो माझी जी किंमत बोलला, तेवढ्यात हिंजवडीला फ्लॅट आला असता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "लेकरू इकत्यात व्हय कुटं?" शौकीन हसून निघून गेला. पण ती किंमत काही गेली नाही. ती गावभर झाली, नांद्याला पोचली, भऱ्याला पोचली.

भऱ्याला इंद्रजित तेव्हा घोर संकटात होता. वडील गेल्यावर त्यानं निम्मी जमीन विकली होती. आई रत्नाबाई, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तिला वाटायचं पैसे बँकेत आहेत. पैसे होते मनीषकडं. मनीष पुण्याचा, प्लॉटिंगचा धंदा करायचा, बोलायला गुळाची ढेप. एकाचे चार करून देतो म्हणाला आणि इंद्रजितच्या तोंडाला पाणी सुटलं. चार सोडा, एकही परत येईना. आईला आज कळेल की उद्या, या धसक्यानं पोराचा जीव टांगणीला लागला. तेव्हा मनीषनंच त्याला वाट दाखवली. म्हणाला, "तुझ्या मामाच्या दावणीला आख्खा फ्लॅट बांधलाय, आणि तू माझ्यापुढं काय रडतोस?"

अण्णांच्या घरची माणसं एका लग्नाला गेली होती. भर दुपारी टेम्पो आला. मला ओढायला परका आला असता तर मी त्याला शिंगावर घेतला असता, पण दावं सोडणारा हात इंद्रजितचा होता. मला वाटलं, धरणावर निघालोय. मी आपला शेपटी हलवत टेम्पोत चढलो. एवढा घाटात मिरवलेला बैल, पण अक्कल म्हणाल तर तिथं गहाण पडली.

उतरलो ते भऱ्याच्या माळावर, इंद्रजितच्याच रानात बांधलेल्या पत्र्याच्या गाळ्यात. तिथं पूर्वी खोकी बनवायचा कारखाना होता, भाडेकरू सोडून गेल्यापासून तो बंद होता. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, भिंतीत उंचावर पंख्यासाठी पाडलेलं एक भोक आणि पुढं शटर. दुपारी आत भाकरी भाजली असती. शटर खाली आलं आणि बाहेरून कुलूप लागलं. मी मान वळवून बघतो तर इंद्रजित आतच. त्यानं शटरवर थाप मारली.

"मला कशाला कोंडतोस?"

"तुझ्या तोंडावर सगळं लिहिलंय," बाहेरून मनीष म्हणाला. "गावात फिरलास तर मामा न विचारताच ओळखेल. आईला सांगितलंय, तू पुण्याला माझ्या नव्या साइटवर राहिलायस. गप बस, बैल सांभाळ."

अशी आमची दोघांची कैद सुरू झाली. मला वेसण होती, त्याला मनीष होता. मला वळायला जागा नव्हती, त्याला झोप नव्हती. शेण तिथंच, मूत तिथंच, माशा घोंगावतायत आणि खुरांखाली कोबा. कोब्यावर उभं राहून माझे गुडघे सुजले. खायला म्हणाल तर मनीषनं पहिल्या दिवशी वैरणीची एक पेंढी आणली. इंद्रजित म्हणाला, ह्याला अंडी लागतात, दूध लागतं. मनीषचं तोंड कडू झालं. किंमत फ्लॅटची हवी आणि खर्च वैरणीचासुद्धा नको, असला हा चोर. माझ्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा इंद्रजित स्वतःच्या डब्यातली चपाती मला भरवायचा. मी खायचो. राग होताच, पण भूकही होती.

मला सोडायचे किती पैसे, याची अण्णांशी बोलणी फोनवर चालायची, आणि मनीषला फोनचा आवाज मोठा ठेवायची खोड होती, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या फोनला अण्णा रडले. म्हणाले, उरलंसुरलं शेत विकतो, पण माझ्या बैलाला हात लावू नका. इंद्रजितनं कानावर हात ठेवले. तिथं थांबला असता तर मनीषचं साधलं असतं. पण शेत विकतो म्हटल्यावर त्याची हाव आणखी सुटली. त्यानं आकडा वाढवला, मग पुन्हा वाढवला. शेवटी अण्णांनी पोलिसांत वर्दी दिली.

तेवढ्यात पोळा जवळ आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून कातडं राठ झालेलं असतं, म्हणून कोमट तुपात हळद कालवून आमचे खांदे चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतण देतात. इंद्रजित सकाळपासून माझ्या खांद्याकडं बघत होता. चोरी केली तेव्हा त्याचा हात कापला नाही, पण खांदमळणीच्या दिवशी बैल कोरडा ठेवायचा म्हटल्यावर त्याला घास गिळेना. कुणब्याच्या पोराचं हे असंच असतं. त्यानं मनीषला सांगितलं, "हाताला मार लागलाय. तांब्याभर तूप आन् हळद पायजे."

"तांब्याभर?"

"सूज लई हाय."

मनीष शहरात वाढलेला, त्याला कसली खांदमळणी न् काय. शिवाय तूप विकत आणायचं त्याच्या जिवावर आलं. तो सरळ गावात रत्नाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

पुढचं मला रत्नाबाईंनीच नंतर सांगितलं, माझी मान खाजवता खाजवता. इंद्रजितच्या हाताला मार लागलाय, तूप-हळद द्या, असं तो म्हणाला. त्यांनी विचारलं, किती पाहिजे. तो तांब्याभर म्हणाला. माणसाच्या सुजेला चमचाभर हळद पुरते, हे त्या माउलीला कुणी सांगायला नको. तिच्या घरात बैल नाही, भावाचा बैल चोरीला गेलेला, आणि आज खांदमळणी.   तिनं घरचं तूप कोमट केलं, हळद कालवली, तांब्या हातात दिला आणि अंगणात येऊन बघत राहिली. मनीषची गाडी पुण्याच्या रस्त्याला न लागता माळाकडं वळली. तिनं पायात चपला सरकवल्या आणि चालायला लागली.

इकडं मनीषनं शटर हातभर वर करून तांब्या आत सरकवला. म्हणाला, "हे घे. आणि बैलाला तयार ठेव, मी टेम्पो घेऊन येतोय. पोलीस फिरायला लागलेत. एक गिऱ्हाईक मिळालंय, राज्याबाहेरचं."

"त्यो काय करनार ह्याचं?"

"त्यानं मला काही विचारलं नाही. मीपण त्याला विचारलं नाही."

कुलूप लागलं. उतारवयाचा बैल, राज्याबाहेरचं गिऱ्हाईक आणि कुणीच काही विचारत नाही. मला काय ते कळलं. मी दाव्याला हिसका दिला, खांबाला शिंग मारलं. पत्रा नुसता वाजला. जिवाची भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही.

 इंद्रजित उठला. हळदीचं तूप ओंजळीत घेतलं आणि माझे खांदे चोळायला लागला.  चोळता चोळता सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." म्हणाला आणि तिथंच थिजला. ज्याला उद्याचं जेवण सांगितलं त्याला आज मरायला कसा धाडणार? माझ्या गळ्यात पडून तो हुंदके द्यायला लागला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "इंद्रा, आत कोन हाय?"

त्याचे हुंदके एकदम थांबले. "आये, तू जा हितनं."

"कोन हाय इचारलं मी."

 मग मीच हंबरलो, पत्रे दणाणतील असा.

 बाहेर पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. इंद्रजित शटरला तोंड लावून म्हणाला, "आये, मामाला फोन नको लावू. मनीष टेम्पो घेऊन येतोय. त्यो कुलूप काढंल तवा मी काय तरी करतो, बैल सोडून देतो. तू फोन लावलास तर मी आत जाईन."

"आत तर तू हायेसच, बाळा," रत्नाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी फोन लावला. "भिकू, तुझा बैल घावला. भऱ्याला, आमच्या गाळ्यात." पुढचं त्या आणखी मोठ्यानं बोलल्या. "चोर बी घावला. माझाच हाय. लवकर ये."

मग त्या शटरला पाठ लावून खाली बसल्या. आतल्या बाजूनं इंद्रजितही तिथंच बसला. दोघांच्या मधे तेवढा पत्रा होता.

आधी आला तो मनीष. टेम्पो थांबला, दार आपटलं. "मावशी, बाजूला व्हा." त्या हलल्या नाहीत. तो आधी गोड बोलला, मग दमात घेतलं, मग हात धरून ओढायला लागला. त्यांचा पदर टरकन फाटलेला मी ऐकला. आत इंद्रजितनं शटरवर धडका द्यायला सुरुवात केली, खांद्यानं, डोक्यानं, वेड लागल्यासारख्या. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, हे लफडं मला सांगितलं नव्हतं," आणि गाडी वळवून चालता झाला. मनीष त्याच्या मागं पळाला, तो थेट अण्णांच्या माणसांच्या मोटारसायकलींसमोर. माणसांनी त्याला धरलं आणि किल्ली काढून घेतली.

शटर वर गेलं तेव्हा उजेडानं माझे डोळे दिपले. अण्णांनी आधी माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग भाच्याकडं बघितलं. मारायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला, कारण इंद्रजितनं स्वतःच माझं दावं त्यांच्या हातात दिलं आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत तिथंच मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पोळ्याला रत्नाबाईंनी मला स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवली. स्वतः मात्र त्या काही जेवल्या नाहीत.

माझे हाल इथं संपले असं तुम्हाला वाटेल. अण्णांनी गोठ्याला लोखंडी गज बसवले, दोन कॅमेरे लावले, दुहेरी कुलूप आलं. शर्यत बंद, धरण बंद, पोरांनी येऊन मान खाजवणंही बंद. मायेपोटीच केलं सगळं, मला कळतं. पण मित्रांनो, कुलूप मायेचं असलं तरी आत उभं राहणाऱ्याला ते कुलूपच वाटतं. मी वैरण कमी खायला लागलो. डॉक्टर येऊन सुई टोचून गेला.

मागच्या आठवड्यात रत्नाबाई आल्या. तुरुंगात लेकाला भेटून त्या सरळ इकडंच आल्या होत्या. गजांतून हात घालून त्यांनी माझं कपाळ चाचपलं. अण्णा शेजारीच उभे होते.

"कसा हाय त्यो?" अण्णांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"वाळलाय. पाखऱ्या खातो का, म्हणून इचारत हुता." त्या गजांना धरून उभ्या राहिल्या. "भिकू, लेकाला गजाआडनं बघून आले. ह्याला बी गजाआडनंच बघू व्हय? येवढं तरी दार उघड."

 अण्णांनी कमरेची किल्ली काढली.

मी बाहेर आलो आणि पळालोबिळालो नाही. रत्नाबाईंच्या खांद्यावर मान ठेवली, त्या रडून मोकळ्या होईपर्यंत. मित्रांनो, तुमच्या घरी जनावर असेल तर त्याला खाऊ घाला, पाणी दाखवा, त्याच्या पाठीवरून हात फिरवा. त्याची किंमत मात्र कुणापुढं बोलू नका. बोललात तर एक दिवस दाराला कुलूप लागतं, आणि आत जनावराबरोबर कुणाचं तरी पोरही अडकतं.