ओब्रीचा दोर

हेरसेंदच्या नवऱ्याच्या थडग्यावरची माती अजून ओली होती, आणि पाद्री एव्हरार रविवारच्या प्रवचनात त्याचं नाव घेत होते. ओब्री पाथरवट दारू पिऊन परांचीवर चढला म्हणून पडला, देवाच्या घरात पाप घेऊन येणाऱ्याची हीच गत, असं त्यांनी अर्ध्या बांधलेल्या कॅथेड्रलमध्ये जमलेल्या गावाला ठणकावून सांगितलं.

खांबाला टेकून उभ्या असलेल्या हेरसेंदच्या अंगाची लाही झाली. ती याच बांधकामावर चुना मळायची. दगड वर चढवायच्या रहाटाचा दोर कुजलाय, हे ओब्रीने एव्हरारांना तिच्यादेखत सांगितलं होतं. सणापर्यंत चालवून घ्या, नव्याचं मग बघू, असं त्यांचं उत्तर. दोर तुटला, सुटलेल्या दगडाने परांची मोडली आणि ओब्री खाली आला.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. सगळ्यांच्या माना वळल्या. "दोर कुजका होता, तुम्हाला माहीत होतं. फुल्कदादा, ओब्रीने सांगितलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? सांगा."

मुख्य गवंडी फुल्कने टोपी चुरगाळली आणि जमिनीकडे पाहिलं. काम थांबलं तर ऐन हिवाळ्यात सगळ्यांच्या चुली विझतील, हेच त्याच्या मनात असणार. पाद्र्याच्या खोटेपणाचं तिला नवल नव्हतं. पण नवऱ्याच्या जिवाभावाच्या माणसाने जीभ गिळावी, हे तिला सोसवेना.

सोमवारी सकाळी तो तुटका दोर ओढत ती बाजारातून, एव्हरारांच्या वरच्या बिशपांकडे दाद मागायला निघाली. हाताची सालटी निघाली. विचारेल त्याला ती टोक दाखवी. बोटांनी चुरडलं की भुसा गळे. कुणी हसले, कुणी म्हणाले, बाईला वेड लागलं. मग एकाएकी दोर हलका झाला. मागे दोन पाथरवटांनी तो उचलला होता. बिशपांच्या दाराशी पोचेपर्यंत बांधकामावरची सगळी माणसं गोळा झाली होती. सगळ्यांत मागे फुल्क.

तिने त्यालाच पुढे बोलावलं. "आता तरी तोंड उघडा."

"मी पण सांगितलं होतं त्यांना," फुल्क बिशपांना म्हणाला. "ओब्री शुद्धीत होता. आणि नवा दोर आल्याशिवाय आमच्यातला कुणी वर चढणार नाही."

नवा दोर आला. पुढच्या रविवारी एव्हरारांनी सांगितलं की ओब्री प्यायलेला नव्हता, दोर तुटला. कुणामुळे तुटला, ते मात्र गाळलं. नंतर ते ओब्रीच्या आत्म्यासाठी मेणबत्त्या घेऊन तिच्याकडे आले.

"तुमच्यासाठीच लावा," हेरसेंद म्हणाली, आणि घमेलं उचलून चुन्याकडे गेली.