ओळखीच्या फायली

धम्मरत्न मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्यात त्याचा फोनही चुरडला. मागं कॉम्प्युटर राहिला होता, तर पुतण्या रवीनं वापरायला घेताना तो पुसून टाकला. धम्मरत्नची आई, बेबीताई, आता तिसऱ्यांदा नांदुऱ्याला सारिकाच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या.

"मेला तरी मले चकरा मारायले लावून राह्यला पोट्टा," बाकावर टेकत त्या म्हणाल्या. "आवाज सापडला का बाई त्याचा?"

सारिकानं डिस्कवरून दोन लाखांवर फायली परत मिळवल्या होत्या. नावं मात्र सगळ्यांची गेली होती. म्हणून तिनं प्रत्येकीचा हॅश काढला होता. हॅश म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून गणितानं निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ. नाव गेलं तरी ती तीच राहते. सॉफ्टवेअर पॅकेजांतल्या ओळखीच्या फायलींचे हॅश एका यादीत असतात. जुळला, की ती फाईल साऱ्या जगाची, बाजूला काढायची. उरेल ते धम्मरत्नचं.

उरल्या होत्या त्रेसष्ट. नोकरीचे अर्ज, शेताचे फोटो, एक अर्धवट पत्र. आवाजाची एकही नव्हती.

"नाही मावशी," सारिका हळूच म्हणाली.

"नाही काऊन? दार लावून बोलत राहे ना. एक, दोन, तीन. मी म्हणो, पोट्टं पागल झालं."

सारिकाचा हात थांबला. बाजूला काढलेल्या फायली तिनं पुन्हा उघडल्या, त्यातल्या फक्त आवाजाच्या निवडल्या. शंभर फायली एकाच पॅकेजातल्या होत्या: लहान मुलांना मराठी अंक शिकवणारा फुकटचा खेळ. दार लावून धम्मरत्न याच खेळासाठी आकडे म्हणत होता. त्याचा आवाज जगाला देऊन झाला होता, म्हणूनच तिच्या चाळणीनं तो परका ठरवला होता.

तिनं ओळीनं लावल्या. एक. दोन. तीन.

बेबीताईंनी पदर तोंडावर धरला. छप्पन्न झालं तसा त्यांनी हात वर केला.

"इथं मी हाक मारली होती. जेवाले ये म्हणून. तर खेकसला माह्यावर."

"ते कापलंय, मावशी. नुसते आकडे ठेवलेत."

"खेकसलेलं तरी ठेवा लागत होतं," बेबीताई म्हणाल्या.

सारिकानं सत्तावन्न लावलं.