सेकारच्या आठळ्या

सेकार बंगळुरात राहणार की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. मला ते शनिवारी कळलं, तेही माझ्या मुलीच्या, भार्गवीच्या, फोनवरच्या बोलण्यातून. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. पण वाचत होतो असंही म्हणता येणार नाही, कारण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

सेकार आणि तिचा नवरा आरिफ आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दोघं इंडोनेशियातल्या सुराबायाचे, डिसेंबरात इथे आले. आरिफ भार्गवीच्याच ऑफिसात आहे. कंपनी त्याला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार होती आणि त्याने निर्णय बायकोवर सोडला होता. ती हो म्हणाली तर राहायचं, नाहीतर जूनमध्ये परत.

"नाहीच म्हणेल ती," भार्गवी फोन ठेवत म्हणाली. "आल्यापासून गारठलीय बिचारी. करमतच नाही तिला."

बंगळुरातल्या आमच्या बेळ्ळंदूरची थंडी ती काय! पण सेकार मार्चपर्यंत स्वेटर आणि मोजे घालून गच्चीवर यायची. मी तिथे सकाळी पुस्तक घेऊन बसतो. ती कपडे वाळत घालायची, मग दुसऱ्या खुर्चीत उन्हाला बसायची. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे बोलणं थोडंच. मला ती 'पाक' म्हणते. वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्याकडे तसं म्हणतात. भार्गवी चिडवते, "साखरेचा की गुळाचा?"

राजापूरच्या वाचनालयात मी छत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. गप्प बसणाऱ्या माणसाची सोबत मला आवडते. सेकार गेली तर ती खुर्ची रिकामी राहील, असं मनात आलं. हा विचार तिच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. म्हणून कुणाला बोललो नाही.

रविवारी हवा बदलली. वारा पडलेला, आभाळ भरलेलं, आणि पावसाचा पत्ता नाही. लिफ्टमध्ये सगळे कुरकुरत होते. माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि मला, सांगायला संकोच वाटतो, बरं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी भार्गवीकडे राहायला आल्यापासून असा घाम आला नव्हता. पुस्तकाची पानंसुद्धा दमट होऊन मऊ पडली होती, राजापुरात मे महिन्यात पडतात तशी.

सेकार गच्चीवर आली ती स्वेटरशिवाय, अनवाणी. कठड्याशी जाऊन तिने खाली पाहिलं. गेटाशी परसूची हातगाडी होती, फणस फोडून मांडलेले. ती माझ्याकडे वळली, दोन्ही हातांनी चेहऱ्यावर वारा घेत हसली आणि म्हणाली, "पाक! गराह! गराह!"

गरा! परसू खानापूरचा, कानडी मिसळलेली मराठी बोलतो. त्यानेच शिकवला असणार हा शब्द, असं मला वाटलं.

"एक मिनिट," म्हणून मी खाली निघालो. लिफ्टमध्ये शंका आली, हा आगाऊपणा तर होत नाही ना? तिने नुसतं नाव घेतलं असेल. परत फिरावंसं वाटलं, पण लिफ्ट खाली निघालीच होती.

"परसू, चार गरे दे."

"चार गऱ्यांनी काय हुतंय, अण्णा? अर्धा फणस न्या की."

"सोलणार कोण?"

"लेक हाय की घरात."

"ती सोललेले मागवते, डब्यातले."

"मग शिकवा तिला! सरी, घ्या. चीक स्वल्प सांभाळा, सदरा पांढरा हाय."

अर्धा फणस छातीशी धरून वर आलेल्या मला पाहून सेकार गोंधळली. "हे कशाला?"

"तूच म्हणालीस." मी एक गरा उचकटून दाखवला. "गरा."

तिने गऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसता हसता खालीच बसली. "हा नांगका, पाक! गराह म्हणजे..." तिने झग्याची बाही चिमटीत धरून हलवली, कपाळावरचा घाम दाखवला. "वारा नाही. अंग चिकट. आंघोळ केली, परत चिकट. याला काय म्हणतात?"

"इंग्रजीत माहीत नाही. आम्ही म्हणतो, उकडतंय."

"उक-ड-तंय."

माझे कान तापले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शब्दांच्या कपाटांत आयुष्य काढलेला, आणि हातात अर्धा फणस. मी "सॉरी" म्हणालो.

"सॉरी कशाला?" ती म्हणाली. "चार महिने मला हा शब्द लागलाच नव्हता. आज सकाळी जागी झाले आणि आपोआप तोंडातून आला. आरिफ म्हणाला, अगं, आपण कुठे आहोत, सुराबायात?"

ती घरी जाऊन सुरी, वर्तमानपत्र आणि वाटीभर तेल घेऊन आली. तेलाचं मी सांगणारच होतो. तिने आधी तळव्यांना तेल चोळलं, मग सुरीला, आणि वाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही घाम पुसत गरे काढत बसलो, काढता काढता खातही होतो. तेवढ्यात भार्गवी मला शोधत आली.

"बाबा! केवढं उकडतंय, आणि तुम्ही इथे? खाली एसी लावलाय."

"उकडतंय!" सेकार भरल्या तोंडाने म्हणाली.

भार्गवीने माझ्याकडे पाहिलं. "हे कधी शिकवलंत?"

"चुकून," मी म्हणालो.

गरे संपत आले, तशा कागदावर आठळ्या साठल्या. फणसातल्या या बिया त्यांच्याकडेही मीठ घालून उकडतात. सेकारने त्यातल्या मूठभर रात्रीसाठी घेतल्या. "बाकीच्या?"

"आम्ही वाळवून मातीत पुरून ठेवतो. जुलैत पाऊस लागला की काढून भाजायच्या."

जुलै म्हणालो आणि जीभ चावली. जूनमध्ये जाणाऱ्या माणसाला जुलैचं काय सांगायचं? भार्गवीनेही नजर खाली वळवली.

सेकार थोडा वेळ आठळ्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिने त्या गच्चीच्या कोमट फरशीवर एकेक करून पसरल्या आणि कोपऱ्यातली तुळस वाळून गेलेली कुंडी ओढून आणली.

"ही माती चालेल?"

"कोरडी आहे. चालेल."

"अगं, पण जुलैत तुम्ही..." भार्गवी बोलता बोलता थांबली.

"जुलैत मी भाजणार," सेकार म्हणाली. "आरिफला आज सांगते. पाक, किती वेळ भाजायच्या?"

मला खरंच माहीत नव्हतं. घरी ते काम बायको करायची, आणि मी बाजूला वाचत बसायचो.

"बघू जुलैत," मी म्हणालो.