निरोगी ठरलेला कुंदन

वर्ध्याजवळच्या सेलूत इंटरनेट आलं ते हिरालालच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपांच्या शेजारी. हिरालालला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "दुनियेत असं काही नाई जे ह्या डब्यात भेटत नाई," असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. त्याची मुलगी रुचिका डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीत घरी आली की बापाच्या ह्या थापा निस्तरायचं काम तिच्या गळ्यात पडे.

२००४ सालच्या दिवाळीत गोमाजी मडावी दुकानात आला. त्याचा नातू कुंदन याचे हातपाय दर थोड्या दिवसांनी सुजत, पोरगं कण्हत पडून राही. सात वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंसोबत डॉक्टरांची एक तुकडी त्यांच्या वस्तीवर आली होती, सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची तपासणी करायला. कुंदनला तो आजार नाही, असा निरोप त्यांनी नंतर पाठवला. तेव्हापासून गोमाजी कुठल्याही दवाखान्यात गेला की आधी तेच सांगे, आणि डॉक्टर वाताच्या गोळ्या देऊन मोकळे होत.

"मले त्या मोठ्या डॉक्टरीनबाई पाह्यजे," तो म्हणाला. "आजार नाई, मंग पोट्टं काऊन तडफडून राह्यलं, तेवढं इचारतो."

बाईंचं नाव त्याला आठवेना. हिरालाल घाईघाईने वजनकाट्याकडे वळला. रुचिकाला मात्र कॉलेजात सरांनी दाखवलेली एक साइट आठवली. सरकारच्या पैशातून झालेली वैद्यकीय संशोधनं तिथे कुणालाही पाहता येत. तिने आजाराचं नाव टाकलं, जिल्हा टाकला. पान उघडेस्तोवर गोमाजीचा चहा पिऊन झाला.

सापडलं एकदाचं. बाईंचं नाव, संस्था, फोन नंबर आणि खाली थोडक्यात अहवाल. गोमाजीला कळावं म्हणून ती मराठीत सांगू लागली, "वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांवर घरोघरी तपासणी झाली. लोकांनी उत्तम सहकार्य केलं."

गोमाजीची छाती फुगली. "लिवलं का तसं? खरंच हाये. पाहुण्याईले रिकाम्या हातानं जाऊ देल्लं नाई आमी. कुंदन त्या दिवशी दुखण्यानं इव्हळत होता. बिमार लेकराले सुई टोचत नाई आमच्याकडं. मंग शेजारच्या गंगाचं पोट्टं बसवलं त्याच्या जागी, कुंदनच्या नावानं."

रुचिका वाचायची थांबली. म्हणजे निरोगी निघालं ते गंगाचं पोर! सात वर्षं कुंदन दुसऱ्याच्या रक्तावर निरोगी ठरला होता, आणि साऱ्या जगाला खुल्या असलेल्या त्या अहवालातही तो निरोग्यांतच मोजला गेला होता. तिला म्हाताऱ्याचा असा राग आला की बोलून टाकावंसं वाटलं.

"आबाजी," ती आवाज आवरत म्हणाली, "त्यांना बिमार लेकराचंच रक्त पाहिजे होतं. त्यासाठीच तर आले होते ते."

गोमाजी म्हणाला, "मंग तसं आमाले सांगतलं काऊन नाई बाई कोनं?"

रुचिकाचा राग कुठल्या कुठे गेला. उद्या आपणही अशाच तुकडीतून कुठल्यातरी वस्तीवर जाणार, ह्या विचाराने तिला लाज वाटली. तिने फोन नंबर कागदावर उतरवून घेतला.

"बाईंना मी फोन करते. पण कुंदनला उद्या सकाळीच आणा. दवाखान्यात मी सोबत येते."

"आज बी लय दुखून राह्यलं त्याचं. थोडं बरं वाटलं का आनतो."

"नाही आबाजी," रुचिका म्हणाली, "तसाच आणा."