कापलेला खोकला

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. समजा, एक लहानशी खोली आहे. भिंतींना जाड फोम चिकटवलाय, खिडकी कायमची बंद, टेबलावर दोन माईक. बाहेर ट्रक गेला तरी आत पत्ता लागत नाही. दिसली खोली? आता उंच स्टुलावरची ती मुलगी बघा. हेडफोन तिच्या डोक्यापेक्षा मोठे, पाय जमिनीला टेकत नाहीत, पण बोटं मात्र झरझर चालताहेत.

हे वस्तीचं रेडिओ केंद्र. नळाला पाणी कधी येणार इथपासून कुणी नवं गाणं रचलं इथपर्यंत सगळ्या गप्पा इथे व्हायच्या. गप्पा मारायची मुलीची आई. शाळा सुटली की मुलगी तिथेच यायची आणि समोर दिसेल ते बटण दाबल्याशिवाय राहायची नाही, म्हणून सगळे तिला बटणताई म्हणत.

आईचा एक नियम होता. घासात खडा लागावा तसं ऐकणाऱ्याला काही खुपता कामा नये. म्हणून बोलणं रेकॉर्ड झालं की अडखळणं, खाकरणं, खोकणं सगळं कापून टाकायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोकला कसा दिसतो, ठाऊक आहे? टोकदार डोंगरासारखा. बटणताईला डोंगर दिसला की तिने उडवलाच!

एकदा बासरीवाले काका आले. वस्तीला लागून दगड फोडून खडी करायचा कारखाना होता, तिथे ते कामाला. पांढरी धूळ त्यांच्या भुवयांतसुद्धा बसलेली. वाक्यागणिक खोकत होते.

"काका, एक सबंध धून वाजवा ना," बटणताई म्हणाली.

"फुंकर पुरत नाही गं पोरी. थोडी थोडी वाजवतो, तुकडे तू जोड. शिंपीणच आहेस तू!" काका हसले, आणि हसता हसता खोकल्याने दुमडून गेले.

बटणताईने तुकडे जोडले. एकामागून एक डोंगर उडवले. आईने ऐकून तिची पाठ थोपटली. "एकसुद्धा खोकला राहिला नाही! माझ्या वरताण झालीस."

कार्यक्रम गाजला. काही दिवसांनी काकांची बायको केंद्रावर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ताई, कार्यक्रम फार गोड झाला. कारखान्याच्या साहेबांनाही आवडला."

"अरे वा!"

"वा कसलं? यांना धुळीतून काढा, फाटकावर बसवा, दवाखान्याचं बघा, म्हणून पाया पडायला गेले होते. तर साहेब म्हणाले, बाई, कुणाला बनवता? रेडिओवर एवढा वेळ बोलला, बासरी वाजवली, साधा ठसका नाही लागला. गेले हे परत धुळीत. आता अंथरुणावरून उठवत नाही."

बटणताईने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

"पण आम्ही... ऐकायला बरं वाटावं म्हणून..." आई म्हणाली.

"तेवढं साहेबांना सांगा आता," काकू म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आई कॉम्प्युटरमध्ये राहिलेलं मूळ, न कापलेलं बोलणं घेऊन कारखान्यात गेली. तिला फाटकातूनच परत पाठवलं. त्याच आठवड्यात काका गेले.

केंद्राच्या वायरी दुरुस्त करायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, तारवाले आजोबा. आई त्यांना म्हणाली, "काकांच्या आठवणीत तीच बासरी पुन्हा लावू."

आजोबांनी पक्कड खाली ठेवली. "तीच? जिवंतपणी त्याचा खोकला कापलात, मेल्यावरही कापणार?"

"आजोबा, एवढा खोकला कोण ऐकेल? लोक रेडिओ बंद करतील."

"त्याच्या बायकोला कुठे बटण होतं बंद करायला? अगं, पंख्याची घरघर काप, ट्रकचा भोंगा काप. तो कचरा. त्याचा खोकला म्हणजे बातमी होती! आणि तो एकटाच खोकत होता का? कारखान्याच्या बाजूची जी जी माणसं इथे बोलून गेली, त्यांचं न कापलेलं बोलणं ऐक एकदा."

मायलेकी ऐकत बसल्या. पहारेकरी खोकत होता. भाजीवाली खोकत होती. चित्रं काढणारा ड्रायव्हर, कविता म्हणणारी शिवणवाली, सगळ्यांचा तोच कोरडा, घासल्यासारखा खोकला! आणि रेडिओवर मात्र अख्खी वस्ती ठणठणीत!

"आई, मी कापले ते," बटणताई रडायला लागली.

"हात तुझे होते, बाळा. शिकवण माझी होती," आई म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमात काकांचं बोलणं जसंच्या तसं लागलं. मग आई माईकवर म्हणाली, "ऐकणाऱ्यांनो, आम्ही चुकलो. आपल्या कानांना गोड लागावं म्हणून दुसऱ्याचं दुखणं झाकलं, की ते दुखणं वाढवायला आपलाही हात लागतो. यापुढे इथे माणूस जसा आहे तसाच ऐकू येईल."

मुलांनो, हे बोल नीट लक्षात ठेवा. पण त्या बोलांनी कारखान्याची धूळ लगेच थांबली नाही, आणि गेलेले काका काही परत येणार नव्हते.

मग आईच्या बोलावण्यावरून आलेली काकू बोलायला बसली. कार्यक्रम थेट चालू होता. "त्यांचे कपडे रोज मीच झटकायची," एवढं ती बोलली आणि तिलाच खोकला आला. कोरडा, घासल्यासारखा. थांबेचना.

बटणताईचा हात सवयीने आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. बोट टेकलंसुद्धा. मग तिने हात मागे घेतला, स्टुलावरून उडी मारली, पाण्याचा पेला भरून काकूच्या हातात दिला, आणि माईक तिच्या तोंडाजवळ आणखी थोडा सरकवला.