तीन दाखले आणि एक तक्ता

आमच्या ह्यांना साधा टॉवेल घ्यायचा तरी तीन दुकानांचा तक्ता लागतो. मग घर घ्यायचं म्हटल्यावर काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

घाई माझ्या आईसाठी होती. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, डोक्यावर स्लॅब दिवसभर तापतो, आणि गेल्या उन्हाळ्यात आई गॅससमोरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "पुढचा उन्हाळा या खोल्यांत नको."

तीन नव्या इमारती पाहिल्या. वीज वाचवणारं घर म्हणून एकीला पाच तारे, दुसरीला सुवर्ण प्रमाणपत्र, तिसरीला नुसता 'ब' दर्जा. तिसरीतलं दुसऱ्या मजल्यावरचं, उत्तरेकडचं घर मला पाहताक्षणी आवडलं. भर दुपारी पंखा बंद होता, तरी आईच्या कपाळावर घाम नव्हता.

"कपाळ बघून घर घेतात का?" हे म्हणाले. "पाच तारे मोठे की सुवर्ण मोठं, आधी ते ठरू दे."

सही दोघांची लागणार होती, नाहीतर मी एकटीच जाऊन ठरवून आले असते.

ठरता ठरता तीन महिने गेले. पाच तारे नकाशाला मिळाले होते. इमारत उभी राहिल्यावर मोजायला कुणी फिरकलंच नव्हतं. सुवर्णातले निम्मे गुण बागेचे आणि सायकलस्टँडचे. 'ब'वाल्यांनी मात्र बांधून झालेल्या घराच्या दारात मोठा पंखा बसवून, फटींतून किती हवा येते तेसुद्धा मोजलं होतं.

"म्हणजे तिसरंच चांगलं. मी पहिल्या दिवसापासून काय सांगतेय?"

"तू अंदाजाने सांगत होतीस. आता सिद्ध झालं."

सिद्ध झालं तरी आकडे तपासायला आणखी आठ दिवस. मग एकदाचा फोन लावला.

"ते घर मंगळवारी गेलं," विक्रीवाला म्हणाला. "तुमच्या साहेबांच्याच ऑफिसातल्या बाईंनी घेतलं. तक्ता घेऊन आल्या होत्या. काय सुंदर तक्ता होता हो! आता पश्चिमेचं राहिलंय, अगदी वरच्या मजल्यावर."

मी ह्यांच्याकडे वळले. "तक्ता कुणाला दिला होतात?"

"आकडे तपासायला दिला होता," हे पुटपुटले. "दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेला बरा."

लोक ताकही फुंकून पितात, आमच्या ह्यांनी फुंकता फुंकता ताकच सांडलं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही.

आई खिडकीवर टाकायला जुनी चादर बादलीत भिजवत होती. "जावईबापू, त्या बाईंच्या घरी म्हातारं माणूस आहे का कुणी?"

"त्यांची आई आहे."

"मग झालं तर. एकीचा तरी उन्हाळा बरा जाईल."

ती बादली उचलायला गेली. ह्यांनी उठून बादली घेतली. चादर खिडकीवर टाकेपर्यंत मी बघत उभी होते, आणि मला दोघांचाही राग येत होता.